सुटे भाग घेऊन स्वतः डेस्कटॉप जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतः कॉम्प्युटर जोडायचं ठरलं की बहुतेकांना धास्ती असते ती स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याची. पण खरं काम त्याच्या आधीच होतं. कुठला भाग कुठल्या भागाशी जुळतो हे खरेदीपूर्वी पक्कं केलं असेल, तर जोडणी निवांतपणे होते. ते केलं नसेल, तर कितीही सराईत हात असला तरी काम अडतं. म्हणून खालची बरीचशी उत्तरं खरेदीच्या आधीची आहेत.

इलेक्ट्रॉनिक्समधलं काहीच कळत नाही. मला जमेल का?

जमेल. इथे सोल्डरिंग नाही, वायरी सोलणं नाही. जवळजवळ प्रत्येक कनेक्टरचा आकार असा असतो की तो चुकीच्या जागी किंवा उलटा बसतच नाही. मध्यम आकाराचा, टोकाला चुंबक असलेला एक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, चांगला उजेड आणि मोकळं टेबल एवढं पुरतं. पहिल्या वेळी अख्खा दिवस हाताशी ठेवा. आणि मदरबोर्डचं, म्हणजे बाकीचे भाग ज्याला जोडतात त्या मुख्य बोर्डाचं, मॅन्युअल आदल्या रात्रीच वाचून काढा. या सगळ्या उद्योगात त्याच्याइतका भरवशाचा मार्गदर्शक दुसरा नाही, आणि नेमकं तेच लोक खोक्यात तसंच ठेवून देतात.

तयार मशीनपेक्षा हे स्वस्त पडतं का?

दर वेळी नाही. साध्या ऑफिसकामाचं मशीन हवं असेल तर तयारच कधीकधी स्वस्त मिळतं. स्वतः जोडण्याचा मोठा फायदा पुढच्या वर्षांत दिसतो. तयार मशीनमध्ये मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय पुष्कळदा त्या कंपनीच्याच खास आकाराचे असतात. एक बिघडला की त्याच्या जागी बाहेरचा बसत नाही. सुट्या भागांचं तसं नसतं. प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेल कंपनीने १९९५ साली एटीएक्स हे माप ठरवून दिलं आणि कॅबिनेट, बोर्ड, पॉवर सप्लाय आजही त्याच मापात निघतात. पाच वर्षांनी ग्राफिक्स कार्ड मागे पडलं तर तेवढंच बदलायचं. वॉरंटीही प्रत्येक भागाची स्वतंत्र असते, म्हणून बिलं आणि खोकी जपून ठेवा.

कोणकोणते भाग लागतात?

प्रोसेसर, त्याचा कूलर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, पॉवर सप्लाय म्हणजे आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो तो, आणि कॅबिनेट. कामाप्रमाणे ग्राफिक्स कार्ड. याशिवाय मॉनिटर, कीबोर्ड, माउस. एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे वायफाय. सगळ्या मदरबोर्डांवर ते नसतं, तेव्हा बोर्ड निवडतानाच बघून घ्या.

निवडीची सुरुवात कुठून करायची?

कामापासून. लिखाण, हिशेब, ब्राउझिंग एवढंच असेल तर ज्यात ग्राफिक्स आहे असा मधल्या दर्जाचा प्रोसेसर घ्या आणि वेगळ्या कार्डाचा विचार सोडून द्या. गेम खेळायचे असतील तर बजेटचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला जाऊ द्या. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी किंवा मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणं असेल तर जास्त कोअरचा प्रोसेसर आणि भरपूर रॅम. काम ठरलं की प्रोसेसर ठरतो, प्रोसेसरवरून बोर्ड, बोर्डावरून रॅम आणि कॅबिनेट. रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आधी पसंत करून मग त्यात काय मावतं ते शोधणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. पैसा तिकडे जातो आणि मशीन मंदच राहतं.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड जुळतात हे कसं ओळखायचं?

पहिली खूण म्हणजे सॉकेट, बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीला एलजीए १७०० लागतं. कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीकडे जुनं एएम४ आणि २०२२ साली आलेलं एएम५. प्रोसेसरच्या आणि बोर्डाच्या माहितीत हे नाव अक्षरशः सारखं हवं.

तरीही सॉकेटवर थांबू नका. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या अशा दोन्ही जोड्यांचं सॉकेट एलजीए ११५१च होतं, पण एका जोडीचा प्रोसेसर दुसरीच्या बोर्डावर अधिकृतपणे चालत नव्हता. म्हणून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर प्रोसेसरांची यादी असते, ती उघडा. तुमचा प्रोसेसर त्यात आहे का आणि त्याच्यासमोर बायोसची, म्हणजे बोर्डाच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरची, कोणती आवृत्ती लिहिली आहे, दोन्ही बघा. बोर्ड बरेच महिने गोदामात पडून असेल तर त्यातला बायोस जुना असू शकतो, आणि मग नवा प्रोसेसर लावूनही स्क्रीन काळीच राहते. काही बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. त्याने प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करता येतो. पहिल्यांदा जोडणाऱ्याने या बटणासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत, असं मी नक्की सांगेन.

सॉकेट पुढे किती वर्षं चालणार हाही विचार करा. २०१७ साली एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरसोबत घेतलेल्या कितीतरी एएम४ बोर्डांवर नुसता बायोस अपडेट करून पुढे ५००० मालिकेतले प्रोसेसर चालले. त्या लोकांचा बोर्डाचा आणि रॅमचा खर्च वाचला.

प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या अक्षरांचा अर्थ काय?

सगळ्यात महत्त्वाचं ‘एफ’. इंटेलच्या नावात शेवटी हे असेल तर आत ग्राफिक्स नाही, वेगळ्या कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. एएम४वरच्या रायझन ५००० मालिकेत ‘जी’ असलेल्यांतच ग्राफिक्स होतं. ७००० मालिकेपासून ‘एफ’ नसलेल्या बहुतेक डेस्कटॉप रायझनमध्ये कामापुरतं ग्राफिक्स आलं. कार्ड बिघडलं तर मशीन बंद पडू नये एवढ्यासाठीही ते हवं. इंटेलचा ‘के’ म्हणजे वेग वाढवायला मोकळा, पण त्यासाठी ‘झेड’ने सुरू होणारा चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) लागतो.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले ताकदवान प्रोसेसर घेणार असाल, विशेषतः वापरलेले, तर एक माहीत असू द्या. त्यांतले काही गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि बायोसमधून नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला. त्यामुळे पुढचं नुकसान टळतं, पण आधी झालेलं भरून निघत नाही. तेव्हा नवा प्रोसेसर लावल्यावर आधी बायोस अपडेट आणि मग बाकीचं.

रॅम किती आणि कुठली घ्यायची?

रोजच्या कामाला १६ जीबी, एडिटिंग आणि नव्या गेमना ३२ जीबी. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. एएम५वर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए १७००वर बोर्डाप्रमाणे दोन्हींपैकी एक.

एक मोठी स्टिक घेण्यापेक्षा एकाच पाकिटातल्या दोन घ्या, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधले दोन चॅनल (मार्ग) वापरले जातात. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. मॅन्युअलमध्ये हे ए२ आणि बी२ असं दाखवलेलं असतं. चारही स्लॉट भरले की डीडीआर५चा वेग बहुधा खाली येतो, म्हणून पुढे वाढवण्याच्या भरवशावर लहान स्टिक घेऊ नका.

ग्राफिक्स कार्ड निवडताना काय पाहायचं?

मॉनिटर. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरला फोरकेसाठीचं कार्ड लावून पैसे वाया जातात. त्यानंतर कार्डाची लांबी. आजची मोठी कार्डं ३०० मिलीमीटरच्या पुढे जातात, आणि समोर पंखे किंवा लिक्विड कूलरचा रेडिएटर असतील तर तेवढी जागा आणखी कमी होते.

एसएसडीचे एवढे प्रकार का?

दोनच ध्यानात ठेवा. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत वाचते. बोर्डावरच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारी एनव्हीएमई एसएसडी पीसीआय एक्सप्रेस ४.० वर ७,००० एमबीच्या आसपास जाते. फाइल उघडणं, गेम सुरू होणं यात मात्र हा फरक आकड्यांएवढा जाणवत नाही. नुसती ‘एम.२’ ही खूण पुरेशी नाही, कारण त्या आकारात साटाही मिळते. काही बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट भरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात. जुनी हार्ड डिस्क जोडायची असेल तर मॅन्युअलमधला तो तक्ता आधी पाहा.

पॉवर सप्लाय किती वॅटचा हवा? आणि स्वस्तातला चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, रॅम कमी घ्या, कॅबिनेट साधं घ्या, पण इथे हात आखडू नका. बाकीच्या प्रत्येक भागाला वीज याच्यातून जाते, आणि निकृष्ट पॉवर सप्लाय जाताना एकटा जाईलच असं नाही.

हिशेब कठीण नाही. ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा रायझन पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत घेतो, त्यामुळे खोक्यावरचा आकडा शेवटचा धरू नका. इंटेलचा आय९-१४९००के कमाल २५३ वॅटचा आहे. समजा, ८८ वॅटचा प्रोसेसर आणि २०० वॅटचं ग्राफिक्स कार्ड आहे. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे साठ-सत्तर धरा. साडेतीनशेच्या आसपास जातं. इथे ५५० किंवा ६५० वॅटचा घ्यावा. एवढी मोकळीक ठेवायची कारण ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी सरासरीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं, आणि तोकडा पॉवर सप्लाय त्या झटक्याला ऐन गेममध्ये मशीन बंद करतो.

‘८० प्लस’ची ब्राँझ, गोल्ड ही चिन्हं फक्त कार्यक्षमता सांगतात, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जाते ते. आतले भाग किती टिकाऊ आहेत, अतिभार आला तर संरक्षण नीट चालतं का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी ज्यांत तो उघडून तपासला आहे अशा परीक्षणांवर विसंबा आणि वॉरंटीची वर्षं पाहा.

दोन इशारे जिवापाड पाळा. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणाऱ्या, पॉवर सप्लायच्या केबल दुसऱ्या मॉडेलला लावू नका. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क किंवा बोर्ड क्षणात जळतो. आणि पॉवर सप्लायचा धातूचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहतं.

ग्राफिक्स कार्डाचा नवा छोटा कनेक्टर वितळतो म्हणतात, ते खरं का?

२०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आल्यानंतर तसे प्रकार घडले. १६ पिनांच्या त्या एका कनेक्टरवर ६०० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते. तो अर्धवट बसला तर थोड्याच पिनांवर भार येतो आणि प्लॅस्टिक तापतं. नंतर त्याचं डिझाइन सुधारलं गेलं. तुमच्याकडचा कुठलाही असो, तो पूर्ण आत जाईपर्यंत दाबा, फट दिसत नाही ना हे टॉर्चने बघा आणि कनेक्टरच्या अगदी तोंडाशी केबल वाकवू नका.

कॅबिनेट कसं निवडायचं?

समोर जाळी असलेलं. बंद काचेच्या तोंडाचं दिसायला देखणं असतं, पण हवा आत येणार कुठून? समोरून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणारी चौकट दिसते, हवा त्या बाजूने बाहेर पडते. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलीमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मिनी आयटीएक्स पहिल्या वेळी टाळा. त्यात प्रत्येक केबलसाठी झगडावं लागतं. एअर कूलरची उंची कॅबिनेटच्या रुंदीत मावते का, तेही पाहा.

हाताच्या स्थिर विजेने भाग जळतात का?

धोका आहे, पण टाळणं सोपं आहे. गालिच्यावर बसून काम करू नका. प्रत्येक भाग उचलण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. बोर्ड आणि कार्ड कडेने धरा. मनगटाचा पट्टा असेल तर उत्तमच. टेबलावर चाचणी घेताना बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, ज्या चकचकीत पिशवीतून तो आला तिच्यावर नको. त्या पिशवीचा बाहेरचा थर वीजवाहक असू शकतो.

जोडणीचा क्रम कसा असावा?

बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी जेवढं होईल तेवढं टेबलावर उरका: प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कूलर.

प्रोसेसर बसवणं हा सगळ्यात नाजूक क्षण. एलजीए आणि एएम५ सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. त्यांना बोट लागू देऊ नका. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि वरून सरळ ठेवा. जोर शून्य. तो आपल्या वजनाने बसतो. पुढे दांडी दाबताना मात्र चांगला जोर लागतो, किरकिर आवाजही येतो आणि वरचं काळं झाकण टणकन उडतं. घाबरू नका, ते तसंच असतं. ते झाकण जपून ठेवा, वॉरंटीसाठी बोर्ड परत पाठवताना मागतात.

रॅम बसवताना उलट, जोर लावावा लागतो. दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबत राहा, चिमटा ‘टक्’ करून मिटेपर्यंत. बोर्ड वाकतोय असं वाटून लोक अर्ध्यावर सोडतात, आणि मशीन सुरू न होण्याचं सगळ्यात सामान्य कारण तेच ठरतं.

कॅबिनेटमध्ये बोर्ड उचलून धरणारे पितळी स्टँडऑफ फक्त बोर्डाला जिथे भोकं आहेत तिथेच हवेत. एखादा जास्तीचा राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो. मागची पत्र्याची आयओ शील्ड सुटी असेल तर ती बोर्डाच्या आधी बसवा. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी.

थर्मल पेस्ट किती लावायची?

मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका. पसरवायची गरज नाही, कूलरचा दाब ते काम करतो. मोठ्या प्रोसेसरला थोडी जास्त. पेस्ट कूलरला आधीच लावलेली असेल तर वेगळी नको. कूलरच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म असते, ती आठवणीने काढा. स्क्रू एकदम एकच पूर्ण न पिळता समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आलटून पालटून थोडे थोडे आवळा.

पुढे कधी एएम४चा कूलर काढावा लागला तर मशीन काही वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

पॉवर बटणाच्या त्या बारीक वायरी कुठे लावायच्या?

बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ पिनांच्या दोन ओळी असतात. कुठल्या जोडीवर काय, ते मॅन्युअलमधल्या आकृतीत आहे. पॉवर आणि रीसेटच्या वायरी उलट्या लागल्या तरी चालतात, कारण ती नुसती बटणं आहेत. दिव्यांच्या वायरींना अधिक-उणे बघावं लागतं. उलट्या लागल्या तर दिवा लागत नाही, नुकसान काही होत नाही.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. आता?

शांतपणे एकेक बघा. पॉवर सप्लायच्या मागचा स्विच चालू आहे का? बोर्डाला दोन वेगळ्या केबल लागतात: २४ पिनांची मोठी आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी ८ पिनांची. दुसरी हमखास राहते. तिच्याशिवाय पंखे फिरतात पण पुढे काही होत नाही.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी, असं असेल तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना ते पाहा, बोर्डाला नव्हे. मग रॅम काढून एकच स्टिक घट्ट बसवा. आजच्या बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट. ज्यावर दिवा अडकून राहतो, अडचण तिथे शोधा. तरीही जमलं नाही तर प्लग काढून बोर्डावरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी थोडा वेळ बाजूला ठेवा, म्हणजे बायोस मूळ स्थितीला येतो.

पण हे सगळं करण्याआधी थांबा. डीडीआर५ असेल, विशेषतः एएम५वर, तर पहिल्या वेळी बोर्ड रॅमची तालीम घेतो, म्हणजे ती कशी नीट चालेल हे तपासून जुळवतो. त्यात काही मिनिटं जातात आणि तोवर स्क्रीन काळीच असते. घाईने बंद केलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

बायोसमध्ये काय बदलायचं?

रॅमचं प्रोफाइल, म्हणजे तिच्या पूर्ण वेगाची सेटिंग, चालू करा: इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी, एएमडीच्या बोर्डावर एक्सपो. हे राहून गेलं तर ६०००च्या वेगाची म्हणून घेतलेली रॅम ४८००सारख्या मूळ वेगावरच चालत राहते, आणि कितीतरी मशीनवर ती वर्षानुवर्षं तशीच चालते. प्रोसेसरचा पंखा आणि तापमान तिथे दिसतं, तेही पाहून घ्या.

ऑपरेटिंग सिस्टीम कुठली टाकू?

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात. नव्या प्रोसेसरमध्ये टीपीएम असतंच, फक्त बायोसमध्ये चालू आहे का ते तपासा. लिनक्स वापरायचं असेल तर मिंट किंवा उबंटू सुरुवातीला सोपं जातं. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल. इन्स्टॉल करताना वायफायचा ड्रायव्हर पुष्कळदा सापडत नाही. अशा वेळी लॅन केबल लावा किंवा फोनचं इंटरनेट यूएसबीने द्या.

तापमान किती असलं तर काळजी करावी?

प्रोसेसरप्रमाणे बदलतं. रायझन ७०००चे मोठे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंश सेल्सिअसपर्यंत जातील अशाच बेताने बनवले आहेत. मात्र काही काम चालू नसताना ७०-८० दिसत असेल तर कूलर नीट बसलेला नाही किंवा कूलरच्या तळाची ती प्लॅस्टिकची फिल्म अजून काढलेली नाही.

वापरलेले भाग घ्यावेत का?

कॅबिनेट, एअर कूलर, रॅम आणि प्रोसेसर बिनधास्त, चालू करून दाखवत असतील तर. वरची इंटेलची गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा. ग्राफिक्स कार्ड अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहिल्याशिवाय नको. मदरबोर्ड घेताना सॉकेटच्या पिनांचा जवळून फोटो मागा. एकही पीन वाकडी चमकली तर सोडून द्या. पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क मात्र नव्याच घ्या.

साफसफाई किती दिवसांनी करायची?

दर काही महिन्यांनी समोरची जाळी काढून धूळ झटका. कूलर आणि कार्डाचे पंखे ब्लोअरने साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा. जोराच्या हवेने पंखा मर्यादेबाहेर फिरला तर बेअरिंग खराब होतं.